पेशीची कुंडली

म्हैसूरला गेलेला प्रवासी राजवाडा पाहतो, चामुंडीची टेकडी चढतो. परंतु मानसगंगोत्रीतील प्राणिशास्त्र विभागाच्या काचेच्या बाटल्या पाहावयास तो सहसा जात नाही. पिकल्या केळ्यावर घोंघावणाऱ्या फळमाशीचे नाना वाण तेथे पिढ्यान्‌पिढ्या जतन केले जातात. कर्करोगाच्या चिकित्सेशी या क्षुद्र जीवाचा काय संबंध, असे कोणी विचारील. श्रोतेहो, संबंध आहे, आणि तो जवळचा आहे.

राँटगेन यांना क्ष-किरण गवसले १८९५ साली. ज्या पेशी वेगाने विभागतात त्यांना किरणांचा आघात अधिक जाणवतो, असा नियम दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०६ मध्ये मांडला. पण आघात होतो कोठे? १९२७ साली हर्मन मुलर यांनी फळमाश्यांवर क्ष-किरण सोडले आणि ते आनुवंशिक द्रव्यातच पालट घडवितात, हे दाखविले. या शोधासाठी त्यांना १९४६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

माणसाच्या पेशीतही किरण या द्रव्याचे धागे तोडतात, आणि पेशी ते सांधू पाहते. सांधण्याचे हे कौशल्य सर्वांच्या ठायी सारखे नसते. १९९५ साली ओळखल्या गेलेल्या एका जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्या, तर नेहमीची किरणमात्राही रोग्याला असह्य होते.

आम्हा सरकारी नोकरांना एकच परिपत्रक सर्वांना लागू करण्याची सवय. शरीर ते मानीत नाही. प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगात हे विशेष जाणवते. कारण मूत्राशय आणि गुदाशय अगदी शेजारी असतात, आणि निष्फळ किरणोपचाराचा त्रास त्यांनाच भोगावा लागतो.

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने २२४ रोग्यांवर केलेला प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. रोग पसरण्याचा धोका अधिक असलेल्या या रोग्यांत ग्रंथीबरोबर कटिभागातील लसिकाग्रंथींनाही किरण दिल्यावर, रक्ततपासणीत रोग न उलटलेल्यांचे पाच वर्षांचे प्रमाण शेकडा ८१ वरून ९५ वर गेले. तरीही रोग्यांची निवड नेहमीच्या तपासण्यांवरूनच करावी लागली. त्यापूर्वी, २०१६ साली, अमेरिकन संशोधकांनी २४ जनुकांची सक्रियता मोजून, शस्त्रक्रियेनंतरचे किरण कोणाला उपकारक ठरतील, हे वर्तविण्याची रीत मांडली होती.

मात्र तिची मूळ पारख अमेरिकन रोग्यांच्या ऊतींवर झाली. ती आपल्याकडे वापरण्यापूर्वी आपल्या रोग्यांवर तपासून घेतली पाहिजे. दुसऱ्याच्या जन्मवेळेवर मांडलेल्या कुंडलीवरून आपले भविष्य पाहावयाचे नसते.