एकपदी आयडियलची कुळकथा

बहुपदींच्या वलयातला जो आयडियल केवळ एकपदींनी, म्हणजे क्ष², क्ष·य, य³ अशा सुट्या पदांनी निर्माण होतो, तो एकपदी आयडियल. त्यात बेरीज-वजाबाकीचा गुंता नसतो; एखादे पद आत आहे की बाहेर, हे नुसत्या घातांकांवरून कळते. वरच्या तिघांपैकी कोणानेही भाग जात नाही अशी एकपदे चारच उरतात: १, क्ष, य आणि य².

हीच तीन पदे आता अवकलनाच्या भाषेत वाचावीत. एखाद्या फलनाचे क्ष-सापेक्ष दोनदा, क्ष व य-सापेक्ष एकेकदा किंवा य-सापेक्ष तीनदा अवकलन केले तरी शून्यच यावे, अशी अट घातली की उत्तर अ + ब·क्ष + क·य + ड·य² एवढेच येते. उरलेली एकपदे चार आणि उत्तरातले स्वैर स्थिरांकही चार. तिसरी अट काढून टाकली, तर क्ष हे एक पद आणि य चे सगळे घात उरतात. उत्तरही मग ब·क्ष अधिक य चे कोणतेही फलन असे होते. आधी किती माहिती दिली म्हणजे उत्तर एकमेव ठरेल, याचा हा जमाखर्च. एकपदी आयडियलच्या कुळाची एक शाखा याच प्रश्नातून फुटली.

ती शाखा फ्रान्समधली. आंशिक अवकल समीकरणांवरचा शार्ल रिकिये यांचा ग्रंथ १९१० मध्ये निघाला. अवकलजांना क्रम लावायचा आणि प्रत्येक समीकरणातला सर्वांत वरचा अवकलज वेगळा काढायचा, ही त्यांची रीत. मोरिस जाने यांनी १९२० मध्ये ती एकपदींवर नेऊन बसवली. कोणत्या पदाला कोणत्या चलांनी गुणायची मुभा आहे हे त्यांनी नेमून दिले आणि सगळी एकपदे परस्परांत न मिसळणाऱ्या गटांत वाटली. उरलेल्या पदांचा प्रत्येक गट एका स्वैर स्थिरांकाची किंवा फलनाची जागा दाखवतो.

दुसरी शाखा शुद्ध बीजगणिताची. डाव्हिट हिल्बर्ट यांनी १८९० मध्ये सिद्ध केलेल्या सांततेच्या प्रमेयाला पाउल गोर्डन यांनी पुढे एकपदींच्या आधारे नवी सिद्धता दिली. एकजिनसी आयडियलची मोजदाद, म्हणजे प्रत्येक घाताला उरणाऱ्या पदांची संख्या, नेहमी एखाद्या एकपदी आयडियलच्या मोजदादीशी जुळते, हे मॅकॉले यांनी १९२७ मध्ये दाखवले. मॅकॉले यांच्या व्यस्त प्रणाली म्हणजे स्थिर सहगुणकांच्या अवकल समीकरणांची उत्तरेच, हे व्होल्फगांग ग्रोबनर यांनी १९३०च्या दशकात ओळखले. त्यांचे विद्यार्थी ब्रूनो बुखबर्गर यांनी १९६५ च्या प्रबंधात अग्रपदे, म्हणजे ठरलेल्या क्रमातली सर्वांत वरची पदे, वेगळी काढून आयडियल हाताळण्याची पद्धत दिली. रिकिये यांच्या सर्वांत वरच्या अवकलजाशी तिचे नाते उघड आहे. बुखबर्गर यांचे श्रेय त्याने उणावत नाही. पण जाने यांचे काम बीजगणितज्ञांच्या नजरेआड इतका काळ राहावे, ही हळहळण्यासारखीच गोष्ट.

मराठी मुलखाचा या कुळाशी संबंध येतो तो श्रीराम अभ्यंकर यांच्यामुळे. १९७६ मध्ये त्यांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन केले. ज्यांचे नाव संस्थेला दिले, ते भास्कराचार्य बाराव्या शतकातच अज्ञात राशींना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे देत आणि भिन्न राशींच्या गुणाकाराला भावित म्हणत. आजच्या भाषेत ते एकपदच. अभ्यंकरांनी निर्धारकांतून निर्माण होणाऱ्या आयडियलमधली मोजदाद यंग तालिकांच्या साहाय्याने केली. त्यावरचा त्यांचा ग्रंथ १९८८ चा. देवदत्त कुलकर्णी आणि सुधीर घोरपडे या त्यांच्या विद्यार्थ्यांनी हे काम पुढे नेले. घोरपडे नंतर आयआयटी मुंबईत प्राध्यापक झाले. बेर्न्ड श्टुर्मफेल्स यांनी १९९० मध्ये याच आयडियलची अग्रपदे शोधून उरलेल्या एकपदींची न मिसळणाऱ्या गटांत विभागणी केली. जाने यांनी सत्तर वर्षांपूर्वी केलेली वाटणी याच जातीची होती.

दोन्ही शाखांचा व्यवहार पुढेही थांबलेला नाही. १९९३ मध्ये गेन्नादी ल्युबेझनिक यांनी स्थानिक कोहोमॉलॉजी या आयडियलशी जोडलेल्या बीजगणिती रचनेचे सांततेविषयीचे काही गुणधर्म अवकल कारकांच्या वलयाचा आधार घेऊन सिद्ध केले. त्याच वलयाच्या साहाय्याने आयआयटी मुंबईत टोनी पुथेनपुरक्कल यांनी स्थानिक कोहोमॉलॉजीवर काम केले आहे.