कार्थेजची मडकी

ट्यूनिसहून छोट्या आगगाडीने आम्ही कार्थेजला उतरलो. वाट दाखविणारी बाई त्याच गावची, दोन लेकरांची आई. एलिसा राणीने बैलाच्या कातड्याच्या बारीक पट्ट्या करून, त्यांनी वेढली तेवढी जमीन मिळविली व नगर वसविले, ही दंतकथा तिने बिर्सा टेकडीवर मोठ्या अभिमानाने सांगितली. इ. स. पूर्व १४६ मध्ये रोमनांनी ते नगर जाळले. त्याच्या बंदरात २२० युद्धनौका राहत, असे इतिहासकार ॲपियन लिहितो. आज तेथे तळ्याएवढे संथ पाणी!

पुढे सालाम्बो भागात १९२१ साली सापडलेली ‘टोफेट’ नावाची जागा लागली. ओळीने ठेंगणे दगड, काहींवर तानित देवीची खूण. त्यांच्याखाली मडकी निघाली, त्यांत तान्ह्या मुलांच्या जळक्या अस्थी. आपल्याकडे तान्ह्याला पुरतात, जाळीत नाहीत; माझ्या काळजात चर्र झाले. कार्थेजचे लोक देवाला मुले बळी देत, असे ग्रीक लेखकांनी लिहिले आहे. काही संशोधक म्हणतात, ही अकाली गेलेल्या बाळांची स्मशानभूमी असावी. वाद अजून मिटलेला नाही.

“बाई, तुम्हांला काय वाटते?” मी विचारले.

“लिहिले ते परक्यांनी, आमच्यांचे ग्रंथ उरले नाहीत,” ती म्हणाली. मग थोडे थांबून, “पण काही मडक्यांत कोकरांच्या अस्थी आहेत. त्या कशासाठी, याचे उत्तर मला देता येत नाही.”

परतताना गाडीत आम्ही दोघी फारशा बोललो नाही.