९० टक्के भाजली, म्हणजे किती?

आमचं सिद्धेश्वर म्हणजे पूर्णा नदीवरच्या धरणाचं गाव. लहानपणी पेपरात वाचायचो, 'विवाहिता ९० टक्के भाजली.' टक्के म्हणजे परीक्षेचे, एवढंच तेव्हा माहीत. हे टक्के कोण मोजतं, कशानं मोजतं? इंजिनिअर झाल्यावर शोधलं, तर निघाला चक्क नऊचा पाढा!

१९४२ साली बॉस्टनच्या 'कोकोनट ग्रोव्ह' नाइटक्लबला आग लागून ४९२ माणसं गेली. १९४४ मध्ये त्याच शहरातल्या लुंड आणि ब्राउडर या डॉक्टरांनी वयानुसार टक्के देणारा तक्ता छापला, कारण लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानानं मोठं असतं. तक्ता चांगला, पण धावपळीत तो कोण काढून बघणार? १९५१ मध्ये एडिनबराच्या वॉलेस यांनी 'लॅन्सेट'मध्ये मोठ्या माणसांसाठी सोपा हिशोब मांडला. डोकं-मान ९, एकेक हात ९, एकेक पाय १८, छाती-पोट १८, पाठ १८, जांघेचा भाग १. बेरीज १००. नुसती लाल झालेली कातडी धरायची नाही. डाग विखुरलेले असतील, तर पेशंटचाच तळहात, बोटांसकट, साधारण १ टक्का.

हा आकडा मुळात हवा असतो सलाइनसाठी. १९६८ मध्ये डॅलसच्या बॅक्स्टर यांनी दिलेलं सूत्र: ४ मिली गुणिले वजन गुणिले टक्के. बाई ५० किलोची, ४० टक्के भाजलेली, तर २४ तासांत ८ लिटर, त्यातलं निम्मं पहिल्या ८ तासांत. घड्याळ भाजल्या क्षणापासून धरायचं. म्हणजे गाडी शोधण्यात आणि रस्त्यात गेलेला वेळही त्यातच.

पण आपल्याकडे हा आकडा कोर्टातही जातो. मरताना बाईनं जबाब दिलेला असतो आणि आरोपीचा वकील विचारतो, एवढे टक्के भाजलेली बाई शुद्धीवर कशी असेल? मला हे पटत नाही. टक्के कातडीचे आहेत, शुद्धीचे नाहीत. १९९२ मध्ये मफाभाई रावल खटल्यात सुप्रीम कोर्टानं ९९ टक्के भाजलेल्या बाईचा जबाब ग्राह्य धरला. ती बोलू शकत होती, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पुढे 'लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या आपल्याकडच्या खटल्यात, २००२ मध्ये, पाच न्यायमूर्तींनी ठरवलं: डॉक्टरांचा दाखला ही सावधगिरी आहे. बाई शुद्धीत आहे अशी जबाब घेणाऱ्या मॅजिस्ट्रेटची खात्री पटली असेल, तर केवळ दाखला नाही म्हणून तिचा जबाब बाजूला टाकता येणार नाही.