पत्त्यांचा डाव, ‘नाल’ आणि जव्हार-मोखाड्याची सरहद्द

१/ एकाच डोंगराळ मुलखात पत्त्यांचा तोच डाव. पण सरहद्द ओलांडताच सत्ता वेगळी! १९४८ पूर्वी जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते, तर शेजारचा मोखाडा ब्रिटिश ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्याचा पेटा.

२/ १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा सरकारी आदेशाने मोखाड्यापर्यंत नेता येत असे. संस्थानात मात्र मुंबईचा कायदा आपोआप चालत नसे.

३/ या कायद्यात पत्त्यांचा अड्डा कशावरून ठरतो? पैज किती मोठी यावरून नव्हे, तर जागेच्या चालकाला नफा होतो का यावरून. डावामागे चालक जो वाटा काढतो, त्याला ‘नाल’ म्हणतात. मित्रांची घरगुती बैठक आणि अड्डा यांना वेगळे करतो तो मुख्यतः हाच वाटा.

४/ भर रस्त्यात मात्र ही सवलत नाही. तेथे पैसे लावून खेळणाऱ्यास पोलीस वॉरंटविना पकडू शकतात.

५/ निव्वळ कौशल्याचे खेळ कलम १३ ने वगळले आहेत. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवला. तीन पत्तीची गणना मात्र नशिबाच्या खेळांतच राहिली.

६/ १९४८ मध्ये जव्हार संस्थान विलीन झाले. २०१४ पासून दोन्ही तालुके पालघर जिल्ह्यात आहेत. ती सरहद्द पुसली गेली. बैठक आणि अड्डा यांमधली रेषा अजून कायम आहे.