लाचलुचपत

लाचलुचपत : सार्वजनिक पदावरील व्यक्तीने पदाचे काम करण्यासाठी, टाळण्यासाठी किंवा कोणाला झुकते माप देऊन करण्यासाठी वेतनाव्यतिरिक्त घेतलेला मोबदला म्हणजे लाच. ‘लाच’ हा शब्द संस्कृतातील ‘लञ्चा’ या शब्दावरून आला असून प्राचीन ग्रंथांत ‘उत्कोच’ ही संज्ञाही आढळते. भ्रष्टाचार ही संकल्पना याहून व्यापक असून तीत अपहार, वशिलेबाजी, अधिकाराचा दुरुपयोग इत्यादींचा अंतर्भाव होतो.

लाच हा गुन्हा ठरण्यासाठी पद आणि पदाधिकारी या दोन भिन्न गोष्टी आहेत, ही जाणीव समाजात रुजावी लागते. जेथे अधिकार ही धारकाची खाजगी मिळकत मानली जाते, तेथे त्याला दिलेले द्रव्य नजराणा किंवा भेट ठरते. भेट आणि लाच यांमधील सीमारेषा कालपरत्वे सरकत गेली. लाचलुचपतीचा इतिहास हा बव्हंशी या सीमारेषेचाच इतिहास होय.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात या प्रश्नाचा विचार नीतीपेक्षा हिशेबाच्या अंगाने केलेला दिसतो. राजद्रव्याच्या अपहाराचे चाळीस प्रकार त्यात सांगितले आहेत. एका खात्यावर अनेक अधिकारी नेमावेत व ते कायम ठेवू नयेत. न्यायाधीशांकडे गुप्तहेर पाठवून त्यांना द्रव्याचे आमिष दाखवावे व जो ते स्वीकारील त्यास हद्दपार करावे, अशी योजनाही त्यात आहे. अधिकारी प्रामाणिक असेल, हे गृहीत धरून हे शास्त्र रचलेले नाही.

रोममध्ये प्रांताधिपतींनी उकळलेला पैसा प्रजेस परत मिळावा म्हणून इ. स. पू. १४९ मध्ये स्थायी न्यायालय स्थापन झाले. सिसिलीचा प्रांताधिपती व्हेरीझ याच्याविरुद्ध सिसरोने इ. स. पू. ७० मध्ये चालविलेला अभियोग प्रसिद्ध आहे. निकालापूर्वीच व्हेरीझ रोम सोडून गेला. इंग्लंडचा लॉर्ड चॅन्सेलर फ्रान्सिस बेकन याने १६२१ मध्ये पक्षकारांकडून पैसे घेतल्याची कबुली दिली. मात्र त्यापायी न्याय फिरविला नाही, असे त्याचे म्हणणे होते. पैसे देणाऱ्यांपैकी काहींविरुद्ध निकाल गेले होते, हे खरे आहे. त्याला ४०,००० पौंड दंड व कारावासाची शिक्षा झाली. पुढे दंड माफ झाला.

मराठेशाहीत गैरव्यवहाराला आळा घालणारी यंत्रणा होती. मामलतदाराच्या हाताखाली दिवाण, मुजुमदार, फडणीस, पोतनीस इ. दरकदार असत. त्यांना काढून टाकण्याचा अधिकार मामलतदारास नसे आणि त्याच्या हिशेबातील लबाडी हुजुरात कळविणे, हे त्यांचे कर्तव्य असे. ही रचना कागदावर निर्दोष आहे. पण ती जेथे पोहोचत होती, त्या हुजूर दप्तरालाच लाच लागू झाल्यावर तिचा उपयोग उरला नाही. या संदर्भात ‘दरबारखर्च’ किंवा ‘अंतस्थ’ या बाबीचा इतिहास उद्‌बोधक आहे. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयीच्या आपल्या अहवालात मौंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन याने तो दिला आहे. दरबारातील मंत्री व हिशेबतपासनीस यांना खूष ठेवण्यासाठी मामलतदार रयतेकडून गुप्तपणे जादा रक्कम वसूल करीत. कालांतराने या रकमा ठरून गेल्या व इतर खर्चाप्रमाणे त्यांचीही तपासणी होऊ लागली. एवढ्याने लाच संपली नाही. अधिकृत झालेल्या अंतस्थाच्या वर दुसरे, नवे अंतस्थ सुरू झाले. आणि अशा नाजूक बाबींत कोणी खोल शिरत नसल्यामुळे वरिष्ठांच्या नावावर गोळा केलेल्या पैशातील बराचसा भाग मामलतदाराच्याच पदरी पडे. दोन्ही वेळी भार रयतेवरच पडला. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत (१७९६–१८१८) मामलती अधिक बोली बोलणारास इजाऱ्याने दिल्या जाऊ लागल्या. त्यानंतर लाच आणि सरकारी वसूल यांत भेद करणेही कठीण झाले. रामशास्त्री प्रभुणे यांच्या निःस्पृहतेचा जो गौरव परंपरेने केला, त्यातून इतरांविषयीची लोकांची अपेक्षा काय होती, तेही सूचित होते.

ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवकांनी नजराण्याची देशी प्रथा उचलली, पण तिच्याबरोबर येणारी बंधने सोडून दिली. प्लासीच्या लढाईनंतर (१७५७) रॉबर्ट क्लाइव्हला मीर जाफरकडून सु. २,३४,००० पौंड मिळाले. १७७३ मध्ये पार्लमेंटपुढे त्याची चौकशी झाली. त्याच वर्षीच्या नियामक कायद्याने अधिकाऱ्यांनी भेटी घेण्यास मनाई केली. वॉरन हेस्टिंग्जवरील महाभियोग १७८८ ते १७९५ असा सात वर्षे चालून तो निर्दोष सुटला. कॉर्नवॉलिसने कंपनीच्या यूरोपीय नोकरांचे पगार वाढविले व खाजगी व्यापार बंद केला. परंतु त्याच वेळी हिंदी लोकांना वरिष्ठ पदांचे दरवाजे बंद झाले. तुटपुंज्या पगारावरील कारकून व शिपाई यांच्या हाती रयतेचे रोजचे काम राहिले. एतद्देशीयांची सचोटी कमी, असा जो ग्रह यूरोपीयांत पुढे रूढ झाला, त्याचे मूळ या वेतनश्रेणीत शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल.

तो ग्रह किती पोकळ होता, हे क्रॉफर्ड प्रकरणाने दाखवून दिले. आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड हा मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर (१८६५) व कर्तबगार प्रशासक. मुंबईतील मंडईला त्याचेच नाव मिळाले. मध्य विभागाचा कमिशनर असताना नेमणुका, बढत्या व बदल्या यांसाठी तो मामलतदारांकडून मध्यस्थामार्फत पैसे घेतो, असा आरोप १८८८ मध्ये पुढे आला. त्याचा हस्तक हणमंतराव जहागीरदार यास शिक्षा झाली. क्रॉफर्ड वेषांतर करून निसटू पाहत असता मुंबईत पकडला गेला. गव्हर्नर लॉर्ड रे याच्या सरकारने चौकशी आयोग नेमला आणि साक्षीसाठी पुढे येणाऱ्या मामलतदारांना अभय दिले. आयोगाने लाचेचा आरोप सिद्ध मानला नाही. आपल्या अधिकारक्षेत्रातील लोकांकडून कर्ज घेतल्याच्या कारणावरून मात्र क्रॉफर्डला नोकरीतून दूर करण्यात आले.

प्रकरण येथे मिटले नाही. लाच दिल्याची शपथेवर कबुली देणारे मामलतदार न्यायदानाचेही काम करीत असत. त्यांना पदावर ठेवावे काय, असा प्रश्न इंग्लंडमध्ये व अँग्लो-इंडियन वृत्तपत्रांतून उपस्थित झाला. घेणारा लाचेच्या आरोपातून सुटला आणि देणारे, तेही सरकारच्या वचनावर विसंबून बोललेले, संकटात सापडले. टिळकांनी मामलतदारांची बाजू हिरिरीने मांडली. १८८९ मध्ये पुण्यात जाहीर सभा झाली. सरकारचे वचन पाळले गेले पाहिजे, हा त्यांचा मुद्दा होता. त्याच वर्षी साक्षीदारांना संरक्षण देणारा कायदा झाला; तरीही स्वेच्छेने पैसे दिले असे ज्यांच्याविषयी ठरले, त्यांना जावे लागले. दडपणाखाली दिलेली लाच व स्वार्थासाठी दिलेली लाच हा भेद नंतरच्या विधिमीमांसेतही वादाचा विषय राहिला.

१८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम १६१ ते १६५ मध्ये लोकसेवकाने लाच घेणे हा गुन्हा ठरविण्यात आला होता. १९४७ मध्ये भ्रष्टाचारास प्रतिबंध करणारा स्वतंत्र कायदा झाला. संथानम समितीच्या (१९६२–६४) शिफारशीनुसार १९६४ मध्ये केंद्रीय दक्षता आयोग स्थापन झाला. महाराष्ट्राने १९७१ मध्ये लोकायुक्त अधिनियम संमत केला. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमाने दंडसंहितेतील कलमांची जागा घेतली. त्याच्या २०१८ च्या दुरुस्तीने लाच देणे हाही स्वतंत्र गुन्हा ठरविला; तथापि बळजबरीने लाच द्यावी लागलेल्या व्यक्तीने सात दिवसांत कळविल्यास तिला शिक्षेतून सूट आहे. मामलतदारांच्या वेळचा पेच या तरतुदीत ओळखू येतो.

साहित्यात लाचखोर अधिकारी प्राधान्याने उपहासाचा विषय झाला. अकराव्या शतकातील काश्मीरचा कवी क्षेमेंद्र याने कलाविलास व नर्ममाला या काव्यांत कायस्थ कारकुनांचे वाभाडे काढले. मराठीत महात्मा फुले यांच्या शेतकऱ्याचा असूड (१८८३) या ग्रंथात कचेरीतील लाच देणाऱ्याच्या, म्हणजे अडाणी कुणब्याच्या, बाजूने पाहिली गेली. येथे उपहासाची जागा संतापाने घेतली आहे. न्यिकलाय गोगोल याच्या १८३६ मधील रशियन नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी अंमलदार (१९५२) हे नाटक रचले. रशियातील परगण्याचे अधिकारी मराठी संस्थानी वातावरणात विनासायास सामावले गेले. विजय तेंडुलकरांच्या घाशीराम कोतवाल (१९७२) मध्ये पुण्याच्या कोतवालीचा सौदा पैशाने न होता मुलीच्या मोबदल्यात होतो. त्याच्या ऐतिहासिकतेविषयी मोठा वाद झाला. इतिहासातील घाशीराम १७९१ मध्ये प्रक्षुब्ध जमावाकडून मारला गेला.