पुराणिकाच्या चौरंगावरून केडगावच्या छापखान्यात

इंग्लंडमधल्या वाँटेज गावी सेंट मेरी संघाच्या जोगिणींचा मठ होता. 29 सप्टेंबर 1883 रोजी पंडिता रमाबाईंनी त्याच गावात बाप्तिस्मा घेतला. पुढे इंग्लंडच्याच मुक्कामात एका क्रूसावरून त्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन आणि रमाबाई यांच्यात खटका उडाला. क्रूसावर लॅटिन अक्षरं कोरलेली होती. रमाबाईंनी पत्रातून सरळ विचारणा केली. आमच्या जुन्या संस्कृतात नाही असं या लॅटिनमध्ये काय आहे? ब्राह्मणांना संस्कृत जशी देवाची भाषा वाटते, तशी तुम्हाला लॅटिन वाटते की काय? आपल्याला न कळणारी भाषा अंगावर मिरवून ती कळत असल्याचा आव आणणं त्यांना मान्य नव्हतं. क्रूसावर त्यांना संस्कृत अक्षरं हवी होती.

हे पत्र रमाबाईंच्या बाणेदारपणाचा दाखला म्हणून सांगितलं जातं, आणि त्यात काही चूक नाही. पण दौंड तालुक्यात केडगावला तयार झालेल्या एका ग्रंथाचं कूळही याच पत्रात सापडतं.

तो ग्रंथ म्हणजे रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये छापलेलं मराठी बायबल. मूळ इब्री आणि ग्रीक भाषांमधून रमाबाईंनी ते मराठीत आणलं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतलेलं हे काम त्यांच्या अखेरच्या दिवसांपर्यंत चाललं आणि 1924 मध्ये संपूर्ण ग्रंथ बाहेर पडला. खिळे जुळवण्यापासूनची कामं मिशनमधल्याच बायकामुलींनी केली. त्यांतल्या कितीतरी दुष्काळातून वाचून आलेल्या होत्या.

मराठी बायबलची नेहमी सांगितली जाणारी वंशावळ वेगळी आहे. बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम केरी आणि वैजनाथ पंडित. 1805 मध्ये मत्तयाचं शुभवर्तमान, 1811 मध्ये नवा करार. पुढे मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळींचे श्रम आणि 1847 मध्ये संपूर्ण बायबल. हीच परंपरा अहमदनगरहून शिरूरला आली. घोड नदीकाठचं शिरूर हे मिशनचं ठाणं होतं. केडगावचं बायबल या रांगेत शेवटी उभं केलं जातं. ही मांडणी तारखांच्या हिशेबाने ठीक आहे, पण तिच्यात रमाबाईंचं बालपण कुठेच बसत नाही.

ते बालपण पुराणिकाच्या घरातलं. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, म्हणून उडुपीला विद्वानांच्या सभेपुढे त्यांना जाब द्यावा लागला. शास्त्रांचे आधार देऊन त्यांनी आपली बाजू मांडली, आणि तरीही वेद मात्र बायकांसाठी बंदच ठेवले. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना कुटुंबाने गंगामूळचा डोंगर सोडला. वेताच्या पेटीत घातलेलं ते पोर एका गड्याच्या डोक्यावरून खाली उतरलं आणि मग तीर्थाटन सुरू झालं. आई लक्ष्मीबाई पहाटे, घरकामाला लागण्यापूर्वी, लेकीला जागं करून पाठ देत. भागवताचे श्लोक असेच तोंडपाठ झाले.

पोट चाले ते पुराणावर. 1907 साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत रमाबाईंनी या व्यवसायाचं बारकाईने वर्णन केलं आहे. देवळात, झाडाखाली, नदीच्या घाटावर बसायचं, समोर पोथी उघडायची आणि जाणारा-येणारा थांबेल अशा चढ्या सुरात वाचत राहायचं. ऐकणारे नमस्कार करत, दक्षिणा, धान्य, फळं ठेवत. अर्थ सांगितलाच जाई असं नव्हतं. संस्कृत न कळणाऱ्यालाही श्रवणाचं पुण्य लाभतं, एवढी श्रद्धा पुरेशी होती. देवाचं वचन भर रस्त्यात मोठ्याने म्हटलं जात होतं आणि तरीही ते झाकलेलंच राहत होतं. दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेली, तेव्हा पाठ केलेल्या ग्रंथांतलं आश्वासन खरं का ठरलं नाही, हा प्रश्न त्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीपुढे उभा राहिला.

कलकत्त्याला 1878 मध्ये पंडिता ही पदवी मिळाली. केशवचंद्र सेनांनी वेदांचा एक खंड हातात दिला, तेव्हा तो वाचण्याचा आपल्याला अधिकार आहे का, याचाच त्यांना विचार पडला. पुढे धर्मशास्त्रं वाचताना बाईच्या जातीबद्दल सगळ्या ग्रंथांचं एकमत पाहून त्या हादरल्या. लग्नानंतर सिल्चरला घरातल्या पुस्तकांत लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. त्यांच्या हाती आलेला हा ख्रिस्ती ग्रंथ लोकभाषेतला होता, आणि कुणाच्या परवानगीशिवाय वाचता येत होता.

इथे ख्रिस्ती शास्त्रातली एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. पौलाने इफिस आणि कलस्सै इथल्या मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रांत देवाच्या रहस्याची गोष्ट वारंवार येते: युगानुयुगं गुप्त असलेला देवाचा संकल्प ख्रिस्तात उघड झाला आणि यहुदी नसलेल्यांनाही त्यात वाटा मिळाला. ग्रीक जगात रहस्य म्हटलं की अथेन्सजवळच्या एल्युसिसच्या दीक्षाविधीसारखे प्रकार आठवत. तिथे जे पाहिलं ते बाहेर बोलायचं नाही, असं बंधन असे. पौलाचं रहस्य चव्हाट्यावर सांगण्यासाठीच होतं. घाटावर बसून, चारचौघांत, न कळणाऱ्या भाषेत पोथी वाचलेल्या बाईला या उलटापालटीचं मोल दुसऱ्या कुणाहूनही अधिक कळलं असणार.

क्रूसावरच्या लॅटिनचा राग म्हणूनच एवढा मोठा. श्रोत्यांना न कळणारी एक देवभाषा मागे ठेवून आलेल्या बाईच्या गळ्यात दुसरी अडकवली जात होती. श्रद्धेची मापं चर्चने ठरवावीत की बायबलने, यावरही रमाबाई जेराल्डीनशी आणि चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजच्या प्राचार्य डोरोथिया बीलशी झगडत राहिल्या. त्रैक्याचा सिद्धान्तसुद्धा त्यांनी तपासल्याशिवाय घेतला नाही. क्रूसावर संस्कृत मागणारी बाई पुढे खेड्यातल्या बायकांना समजेल असं मराठी बायबल करायला बसते, यात विसंगती दिसते खरी. पण क्रूसावरची अक्षरं आधी त्यांना स्वतःला कळायला हवी होती आणि केडगावच्या पानावरची अक्षरं दुष्काळातून आलेल्या पोरीला. दोन्हीकडे मागणी एकच आहे.

केडगावच्या बायबलचं मूळ पुराणिकाच्या घरात आहे, या तर्काला प्रतिस्पर्धी आहेत, आणि त्यांतला एक फार मोहात पाडणारा आहे. इंग्रज जेज्विट फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 मध्ये गोव्यात राशोलला ‘क्रिस्तपुराण’ छापलं. दहा हजारांहून अधिक ओव्यांमध्ये बायबलची कथा, थेट पुराण म्हणून सांगितलेली. त्या काळच्या छापील प्रती आज मिळत नाहीत. हा ग्रंथ हस्तलिखितांतून टिकला आणि 1907 मध्ये मंगळूरहून पुन्हा प्रसिद्ध झाला. रमाबाईंचं जन्मस्थान त्याच मुलखातलं आणि त्यांची साक्षही 1907 चीच. बायबल आणि पुराण यांची गाठ स्टीफन्सनेच मारून ठेवली होती आणि रमाबाईंनी तीच उचलली, असं म्हणायला जीभ शिवशिवते. पण सहा महिन्यांचं पोर पेटीतून ओव्या ऐकत नाही. शिवाय स्टीफन्सने पुराणाचा घाट घेतला, तो रमाबाईंनी टाकला. ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक ‘ख्रिस्तायन’साठी ओवीकडे वळले, पुराणिकाची लेक मात्र गद्यातच राहिली. ज्याने सुराची किमया आतून पाहिली आहे, त्यालाच सुराचा मोह टाळावासा वाटतो.

दुसरा दावा अहमदनगरच्या ख्रिस्ती कीर्तनाचा. 1860 च्या दशकात कृष्णराव सांगळ्यांनी तिथे ते सुरू केलं आणि पंचक्रोशीतल्या गावांत ते रुजलं. केडगावचं मोठ्याने वाचन तिथून आलं असेल का? कीर्तनकार उभा राहतो, गातो, आख्यान रंगवतो. मुक्ती मिशनच्या बायबलबाया खेडोपाडी जात तेव्हा वाचन-निरूपणाचा आधार हातातलं पुस्तक हाच असे. वळण पुराणाच्या जवळचं आहे.

तिसरा प्रतिस्पर्धी सर्वांत तगडा. प्रचलित मराठी बायबलमध्ये वेदान्ताच्या आणि पुराणांच्या छटा असलेले शब्द शिरले आहेत, ही रमाबाईंची उघड तक्रार होती. नवं भाषांतर त्यापायीच झालं असं अभ्यासक म्हणतात, आणि त्यांच्या हाती रमाबाईंचेच शब्द आहेत. तरीही एवढ्याने सगळं उलगडत नाही. शब्द खटकत होते तर ते बदलून जुनी प्रत सुधारता आली असती. पन्नाशीकडे झुकलेल्या बाईने, आश्रमाचा डोंगराएवढा पसारा सांभाळून, इब्री आणि ग्रीक शिकावं आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात करावी, याला शब्दशुद्धीहून मोठी ओढ लागते. आपल्या आणि मूळ पोथीच्या मध्ये कुणी असू नये, ही ती ओढ. पुराण ऐकवणाऱ्यांच्या घरात ती उपजणं स्वाभाविक होतं.

केडगावचा पसाराही लहान नव्हता. पुण्यातल्या प्लेगमुळे रमाबाईंच्या शारदा सदनातल्या मुली 1897 मध्ये इथल्या जमिनीवर आल्या. त्याच सुमारास मध्य प्रांताच्या दुष्काळातून आणि 1900 च्या गुजरातच्या दुष्काळातून बायकामुली येत गेल्या आणि वस्ती दोन हजारांच्या घरात पोहोचली. त्यांतल्या काहींच्या हाती छापखाना आला. हाताने मजकूर जुळवायचा म्हणजे डाव्या हातात स्टिक धरायची, समोरच्या खणांतून एकेक खिळा उचलायचा आणि उलटं अक्षर वाचत ओळ भरायची. इंग्रजीला मोजके खण पुरतात. देवनागरीला कानामात्रा, रफार, जोडाक्षरं धरून शेकडो. अक्षरओळख नसलेल्या मुलीने आधी अक्षर शिकायचं, मग त्याचं उलटं रूप, मग त्याचा खण. जोडाक्षर मोडून पाहिल्याशिवाय ते जुळवता येत नाही. पुराणाच्या श्रोत्याला एकही अक्षर कळलं नाही तरी चालत होतं. इथे प्रत्येक अक्षर बोटांखालून गेल्याशिवाय पान उभं राहत नव्हतं.

एकट्या बाईने केलेलं जगातलं पहिलं बायबल, असा मान केडगावला काही जण देतात. तो टिकत नाही. अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या ज्युलिया स्मिथ यांनी 1876 मध्ये स्वतःचं संपूर्ण इंग्रजी भाषांतर पदरचे पैसे घालून प्रसिद्ध केलं होतं. पण भाषांतरापासून जुळणीपर्यंत बायकांच्या हातून गेलेलं बायबल म्हणून केडगावचा मान अबाधित राहतो.

24 जुलै 1921 रोजी लेक मनोरमा गेली. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या, भाषांतर पुरं करून. छापील ग्रंथ पाहायला मात्र त्या नव्हत्या.

चर्चच्या उपासनेत बायबल सोसायटीचीच प्रत चालू राहिली. रमाबाईंचं मराठी मूळ इब्रीला घट्ट धरून चालतं आणि वाचणारा कधीकधी अडखळतो, हे त्याचं कारण सांगतात. तिथेही पुराणिकाचं घराणं दिसतं. अर्थ सर्वांना कळावा हा हट्ट वडिलांच्या व्यवसायाविरुद्ध होता. पोथीतलं अक्षर इकडचं तिकडे होऊ द्यायचं नाही, ही शिस्त मात्र पहाटेच्या पाठांतून, आईच्या तोंडून आलेली होती.