पॅट समिट : अडीचशे डॉलरच्या पगारापासून १०९८ विजयांपर्यंत

अमेरिकेतील महाविद्यालयीन महिला बास्केटबॉलचा इतिहास पॅट समिट यांना वगळून लिहिता येणार नाही. १९७४ ते २०१२ अशी सलग ३८ वर्षे त्या टेनेसी विद्यापीठाच्या महिला संघाच्या मुख्य प्रशिक्षक होत्या. या काळात संघाने १०९८ सामने जिंकले, २०८ गमावले आणि आठ राष्ट्रीय विजेतेपदे मिळविली. विद्यापीठांच्या लेखी ज्या खेळाला फारसे महत्त्व नव्हते, त्याला हक्काचे स्थान मिळवून देणे हे या आकड्यांमागचे त्यांचे खरे कार्य होय.

समिट यांचा जन्म १४ जून १९५२ रोजी टेनेसी राज्यातील क्लार्क्सव्हिल येथे एका शेतकरी कुटुंबात झाला. तेथील शाळेत मुलींचा बास्केटबॉल संघ नव्हता. मुलीला खेळता यावे म्हणून वडील रिचर्ड हेड यांनी शेजारच्या परगण्यातील हेन्रिएटा गावी बिऱ्हाड हलविले.

शिक्षणसंस्थांत लिंगभेद करण्यास बंदी घालणारा 'टायटल नाइन' हा कायदा अमेरिकेत १९७२ साली संमत झाला. प्रत्यक्ष व्यवहार मात्र लगेच बदलला नाही. १९७४मध्ये अवघ्या २२व्या वर्षी समिट यांच्याकडे टेनेसीच्या संघाची सूत्रे आली, तेव्हा त्यांना महिना २५० डॉलर वेतन होते. काही खेळाडू त्यांच्याहून जेमतेम एका वर्षाने लहान होत्या. संघाचे गणवेश डोनट विकून जमविलेल्या पैशांतून घेतलेले होते. ते धुण्याचे आणि संघाची व्हॅन चालविण्याचे कामही प्रशिक्षकांनाच करावे लागे. मर्सर विद्यापीठाविरुद्धचा पहिलाच सामना संघाने ८४-८३ असा एका गुणाने गमावला.

प्रशिक्षकपद सांभाळतानाच त्यांनी गुडघ्याच्या गंभीर दुखापतीवर मात केली आणि १९७६च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये त्या अमेरिकेकडून खेळल्या. महिला बास्केटबॉलचा ऑलिंपिकमध्ये प्रथमच समावेश झालेल्या त्या स्पर्धेत अमेरिकेने रौप्यपदक पटकावले. १९८४मध्ये लॉस एंजेलिस येथे त्यांच्याच मार्गदर्शनाखाली अमेरिकी महिलांनी सुवर्णपदक जिंकले.

'एनसीएए' या राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने महिलांची स्पर्धा १९८२मध्ये सुरू केली. तेव्हापासून समिट निवृत्त होईपर्यंत टेनेसीचा संघ एकदाही या स्पर्धेबाहेर राहिला नाही. १९८७, १९८९ आणि १९९१ या वर्षी विजेतेपद मिळाल्यानंतर १९९६ ते १९९८ अशी सलग तीन वर्षे टेनेसीने बाजी मारली. त्यातील १९९७-९८च्या हंगामात संघाने सर्वच्या सर्व ३९ सामने जिंकले. पुढे २००७ व २००८ सालीही हा चषक टेनेसीकडेच आला.

कडवा बचाव, रिबाउंडवरील हुकमत आणि कठोर शिस्त ही त्यांच्या पद्धतीची वैशिष्ट्ये होती. ही शिस्त मैदानापुरती मर्यादित नव्हती. खेळाडूंनी वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसावे आणि तास चुकवू नयेत, असा त्यांचा दंडक होता. टेनेसीत आपला खेळण्याचा कालावधी पूर्ण करणाऱ्या त्यांच्या प्रत्येक खेळाडूने पदवी संपादन केली. विद्यापीठाच्या पुरुष संघाचे प्रशिक्षकपद घेण्याविषयी विचारणा झाली, तेव्हा समिट यांनी नकार दिला. महिला संघ सोडून पुरुषांच्या संघाकडे जाणे ही बढती आहे, हेच त्यांना मान्य नव्हते.

२००५मध्ये ८८०वा विजय मिळवून त्यांनी नॉर्थ कॅरोलिनाचे डीन स्मिथ यांचा विक्रम मागे टाकला. त्यानंतर विद्यापीठाने आपल्या मैदानाला त्यांचे नाव दिले.

ऑगस्ट २०११मध्ये, वयाच्या ५९व्या वर्षी, आपल्याला अल्झायमर प्रकारातील स्मृतिभ्रंश जडल्याचे त्यांनी जाहीर केले. आजार दडवून न ठेवता त्यांनी आणखी एक हंगाम संघाला मार्गदर्शन केले आणि या रोगावरील संशोधनाला साहाय्य करणारी संस्था स्थापन केली. एप्रिल २०१२मध्ये त्यांनी पद सोडले. त्यांच्या माजी खेळाडू व दीर्घकाळच्या सहायक हॉली वॉर्लिक यांच्याकडे सूत्रे गेली. त्याच वर्षी अध्यक्ष बराक ओबामा यांच्या हस्ते 'प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम' देऊन समिट यांना गौरविण्यात आले. २८ जून २०१६ रोजी नॉक्सव्हिल येथे, वयाच्या ६४व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

डिसेंबर २०२०मध्ये स्टॅनफर्डच्या महिला संघाच्या प्रशिक्षक टारा व्हॅन्डरव्हीर यांनी १०९८ विजयांचा त्यांचा टप्पा ओलांडला. समिट यांनी व्हॅन चालवीत ज्या वाटेने सुरुवात केली, त्याच वाटेवर महिला संघांच्या प्रशिक्षकांची पुढची वाटचाल सुरू आहे.